१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली आणि भाची आमच्याकडे डोंबिवलीलाच राहिली. नववीत आहे. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी शाळेने प्रकल्प दिलाय: एक मोठी पूर्ण संख्या निवडा आणि तिची ओळख करून द्या. तिची संख्या ठरलेली होती. नऊ एकांचा वर्ग, म्हणजे १११११११११ गुणिले १११११११११.

येताना ती लॅपटॉपवर तक्ता करूनच आली होती. एका एकाचा वर्ग, दोन एकांचा, तीन एकांचा, असं नऊपर्यंत. १, १२१, १२३२१, १२३४३२१… शेजारच्या रकान्यात प्रत्येकाच्या अंकांची बेरीज. तो तक्ता दाखवत ती म्हणाली, "मावशी, बघ ना, १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४ आणि मग एकदम ७८. ८१ का नाही आले?"

मी आधी नववी ओळ पाहिली. स्प्रेडशीटने लिहिलं होतं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २ आणि १ गेलेले, म्हणून तीन कमी. आठव्या ओळीतली संख्या पंधरा अंकी आहे, नववी सतरा अंकी. स्प्रेडशीट पंधराच अंक धरून ठेवते, पुढच्या जागी शून्यं भरते, आणि हे करताना काही सांगत नाही. तिने बेरजांमधली लय पकडली नसती तर चूक तशीच चार्टवर गेली असती.

मग ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, तोच गुणाकार केला. तिथे शेवटी ३२० आले. हे वेगळं कारण. तिथे संख्या ज्या पद्धतीने साठवतात तिच्यात २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी मावते. त्याच्या लगेच पुढे फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या त्या रेषेच्या पलीकडे आहे आणि विषम आहे. मी दिवसभर सॉफ्टवेअर तपासण्याचंच काम करते, तरी हे तिला समजावताना मलाही नव्याने उमगलं.

ठरलं: आधी पेन्सिल, मग पायथन. पायथन या संगणक भाषेत पूर्ण संख्या कितीही लांब असली तरी नेमकी राहते.

तिच्या तक्त्यात अजून एक ओळ होती, "हर्षद आहे का? नाही." हर्षद संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, आणि इथे ७८ ने जात नाही म्हणून. ती ओळ खोडली. उद्या परत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हाताने गुणाकार. चौकटीच्या वहीत नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. खालची बेरीज करताना उजवीकडच्या उभ्या रांगेत एक एक, पुढच्या रांगेत दोन, मग तीन, मधल्या रांगेत नऊ, मग परत आठ, सात. कुठेही हातचा येत नाही. सगळी करामत इतकीच. मधली रांग नवाच्या वर गेली नाही म्हणून आकृती टिकली. दहा एक घेतले तर मधल्या रांगेत दहा येतील, हातचा निघेल आणि डोंगराच्या माथ्यावर भेग पडेल: १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ हरवतो, दोन शून्यं घुसतात. भाचीला ही भेग आवडली नाही. मला आवडली. तिच्याकडे परत येणार आहे.

अंकांची बेरीज ८१. संख्येला ८१ ने भागलं: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे हर्षद. आणि हा भागाकारही पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. अर्थात असायलाच हवा, कारण १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९. त्या दुसऱ्या संख्येत आठ नाही. १ भागिले ८१ केलं की दशांशात ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं हेच आवर्तन फिरत राहतं, तिथेही आठ गायब.

हर्षद हा शब्द आपल्याच माणसाचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी तो दिला: जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाते ती हर्ष देणारी. जगात बरेच जण त्यांना निवेन संख्या म्हणतात, कारण इव्हान निवेन यांनी १९७७ साली एका व्याख्यानात त्यांचा विषय काढला. आमच्या चार्टवर हर्षदच राहील.

वाचायची कशी, हा प्रश्न आईने विचारला. कोटीच्या वर आम्ही दोघी अडखळलो. मग भास्कराचार्यांच्या लीलावतीतली स्थानांची यादी काढली: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा स्थानं. आमची संख्या सतरा अंकी, म्हणजे परार्धाच्या एक पायरी खाली, मध्य स्थानावर सुरू होते. १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद आणि मग ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १ एक. आईने ते दोनदा मोठ्याने म्हणून घेतलं. तिच्या तोंडून ते स्तोत्रासारखं वाटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

भाची घरी परत गेली, आता फोनवर काम. आज अवयव.

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्ग म्हणून सगळे घात दुप्पट: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. शेवटचा वर्ग लिहून पाहा: १११३३३६६६८८९. अवयवसुद्धा असे नटलेले निघतील याची मला कल्पना नव्हती.

३३३६६७ मूळ आहे हे "कॉम्प्युटर म्हणतो म्हणून" लिहायला भाची तयार नाही. बरोबर आहे तिचं. वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे. तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. १०६ भागाकार कोण करणार?

१० नोव्हेंबर, रविवार

१०६ चे १७ झाले. वाट लिहून ठेवते, कारण या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त आनंद आजच्या दोन तासांनी दिला.

३३३६६७ हा ९९९९९९९९९ चा अवयव आहे (भागाकार २९९७). समजा ३३३६६७ ला एखादी मूळ संख्या 'म' भागते. मग म ही ९९९९९९९९९ लाही भागणार. याचा अर्थ १ भागिले म चं दशांश आवर्तन ९ अंकांचं, किंवा ३ चं, किंवा १ चं असणार, कारण आवर्तनाच्या लांबीने ९ ला भाग गेला पाहिजे. आवर्तन १ अंकाचं फक्त ३ चं असतं, आणि ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणजे ३ बाद. आवर्तन ३ अंकांचं असेल तर म ने ९९९ ला भाग जायला हवा. ९९९ म्हणजे २७ × ३७, त्यामुळे तिथे फक्त ३७ उरतो. बाकी सगळ्यांचं आवर्तन ९ अंकांचं. आता फर्माच्या प्रमेयानुसार आवर्तनाची लांबी (म − १) ला भागते. म विषम, म्हणून (म − १) सम. ९ ने आणि २ ने भाग जातो, म्हणजे १८ ने. तेव्हा १८ ने भागल्यावर बाकी १ उरते अशाच मूळ संख्या तपासायच्या:

१९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

सतरा. ३७ ची बाकी १ असतेच, म्हणून तोही यादीतच आला. भाचीने नऊ घेतले, मी आठ. १९ ने बाकी ८. ३७ ने बाकी १, म्हणजे केवळ एकाने हुकला. ५७७ ने बाकी १६१. कुणानेही भाग गेला नाही. ३३३६६७ मूळ. फोनवर ती ओरडलीच.

याच हिशेबातून एक आणखी मोठी गोष्ट हाती लागते. आवर्तन ९ अंकांचं असणारी कोणतीही मूळ संख्या ९९९९९९९९९ चा अवयव असणार. त्या संख्येचे मूळ अवयव तीनच: ३, ३७, ३३३६६७. ३ चं आवर्तन एका अंकाचं (०.३३३…), ३७ चं तीन अंकांचं (०.०२७०२७…), आणि ३३३६६७ चं नऊ अंकांचं (०.०००००२९९७०००००२९९७…). म्हणजे नऊ अंकी आवर्तन असलेली मूळ संख्या साऱ्या संख्यारेषेवर ही एकटीच. तीन अंकीत ३७ एकटा. एका अंकीत ३ एकटा. अशा संख्यांना सॅम्युएल येट्स यांनी १९८० साली 'युनिक प्राइम' असं नाव दिलं. आम्ही 'एकमेव मूळ' म्हणतोय. आमच्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव एकमेव मूळ आहेत, आणि त्यांची आवर्तनं १, ३, ९. चार्टवर हे मधोमध जाणार. चढता-उतरता डोंगर कुणालाही दिसतो. हे खोदल्यावर दिसतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

छोटी नोंद, ऑफिसातून परतताना लोकलमध्ये.

विभाजक ४५ (५ × ३ × ३, पूर्ण वर्ग असल्याने विषमच येणार). सगळ्या विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९. स्वतःला वगळून ६६०८६००६०५१७३२५८, जी संख्येपेक्षा कमी, म्हणून न्यून संख्या. विषम, संयुक्त, उलटी वाचली तरी तीच. अंकांच्या वर्गांची बेरीज ४८९, मग १६१, ३८, ७३, ५८, ८९, आणि तिथून १ वर न पोचणाऱ्या चक्रात, त्यामुळे 'हॅपी' संख्या नाही. हे सगळं एका कोपऱ्यात बारीक अक्षरात बसेल. वर्गवारीची नुसती यादी मला कोरडी वाटते. कारण सांगता येतं तीच ओळ जिवंत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

काटकोन त्रिकोण सापडला! भाचीने विचारलं होतं की ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेने मांडता येईल का. अवयवांकडे पाहिलं की उत्तर दिसतं. ४ ने भागल्यावर बाकी १ उरते असा मूळ अवयव फक्त ३७ आहे. ३ आणि ३३३६६७ या दोघांची बाकी ३. तेव्हा सगळा भार ३७ वर. ३७ चा वर्ग १३६९ = ३५ चा वर्ग १२२५ + १२ चा वर्ग १४४. उरलेला भाग ९ × ३३३६६७ = ३००३००३. दोन्हींना त्याने गुणायचं:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग.

भुज ३६०३६०३६, कोटी १०५१०५१०५, कर्ण नऊ एकांचा. असा त्रिकोण एकच आहे, कारण ३७ एकच आहे. भाची म्हणाली, चार्टवर त्रिकोण प्रमाणात काढू, १२ सेंटीमीटर आणि ३५ सेंटीमीटर. कर्ण आपोआप ३७ येईल.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि स्टेशनवर गेले. काम काही नव्हतं. फलाट क्रमांक एकवर दहा मिनिटं उभी राहिले.

कारण असं. आमच्या संख्येला गणितात नाव आहे: डेमलो संख्या. नाव ठेवणारे पुन्हा कापरेकरच. त्या वेळच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवर डेमलो नावाचं स्थानक होतं, तिथे त्यांना या संख्यांचा विचार सुचला, म्हणून हे नाव. ते डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. मी वीस वर्षं इथून रोज गाडी पकडते. ज्या संख्येवर आम्ही पंधरा दिवस डोकं चालवतोय तिचं नाव माझ्या स्टेशनचं आहे, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. इथे जन्मलेल्या कितीजणांना ठाऊक असेल?

कापरेकरांचा जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक. १९२९ ला पदवी, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर. लोक त्यांना ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे ओळखतात, आणि ते योग्यच आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांची नीट ओळख झाली. डेमलोवरचं त्यांचं लेखन मात्र बरंच आधीचं, १९३८ च्या सुमाराचं.

डेमलोची त्यांची व्याख्या डोंगराच्या आकारावर नाही, ही गोष्ट भाचीला मुद्दाम सांगितली. संख्येचे तीन तुकडे करायचे. डावा आणि उजवा सारख्या लांबीचे, त्यांची बेरीज एकाच अंकाची माळ आली पाहिजे, आणि मधला तुकडा त्याच अंकाचा बनलेला हवा. १६५ घ्या: १ + ५ = ६, मध्ये ६. डेमलो. आपली संख्या: डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९, आणि मध्ये ९. बसली. १, १२१, १२३२१ पासून आपल्या संख्येपर्यंतच्या नऊ जणींना ते 'अद्भुत डेमलो' म्हणत. आपली त्या नवांतली शेवटची.

२३ नोव्हेंबर, शनिवार

या माळेचं कौतुक आपल्याकडे फार जुनं आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, साधारण इसवी सन ८५० मध्ये, जैन गणिती महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या येते आणि तिचं वर्णन असं की एकपासून सहापर्यंत चढणारी, मग क्रमाने उतरणारी. सहा एकांचा वर्ग! आमच्या संख्येची थोडी धाकटी बहीण. गळ्यातल्या हारासारख्या, दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या संख्या घडवायची त्यांना हौस होती. अकराशे वर्षांपूर्वीचा माणूस आणि आमच्या नववीतल्या मुलीचे डोळे एकाच आकृतीवर थांबले. मला यात भरून येण्यासारखं काहीतरी वाटतं.

१ डिसेंबर, रविवार

भाची आली. आज कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. वर्गाच्या दोन तुकड्यांची बेरीज करून, जिचा वर्ग केला तीच संख्या परत मिळाली तर ती कापरेकर संख्या.

तिचा सरळ प्रश्न: आपले नऊ एक कापरेकर आहेत का? वर्गाचे उजवे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडे उरले १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९. हवं होतं १११११११११, आलं त्याच्या नेमकं नऊपट. तिचा चेहरा पडला. पण नऊ नव्वे आले हे काही कमी नाही, आणि ते का आले ते एका ओळीत दाखवता येतं. आपली संख्या म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९९९९९९९९९. म्हणजे १२३४५६७९ वर नऊ शून्यं, त्यातून १२३४५६७९ वजा. ही वजाबाकी मांडली की १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ समोर उभे राहतात. डोंगराचा उतार वजाबाकीतून जन्माला येतो हे तिने स्वतः मांडून पाहिलं, दोनदा.

मग मी त्या भेग पडलेल्या संख्येकडे बोट दाखवलं. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवे दहा अंक ०९८७६५४३२१, डावीकडे १२३४५६७९०. कर बेरीज.

११११११११११. दहा एक!

ती काही क्षण गप्प होती. देखणी संख्या परीक्षेत नापास झाली आणि जिच्यात आठ हरवला होता ती कापरेकर निघाली. कारणही सोपं आहे. नुसत्या एकांच्या संख्येत तुकड्यांची बेरीज त्या संख्येइतकीच यायची तर तिच्यातून १ वजा केल्यावर ९ ने भाग जायला हवा. दहा एकांतून १ गेला की नऊ एक आणि एक शून्य, अंकांची बेरीज ९, भाग जातो. नऊ एकांतून १ गेला की आठ एक आणि शून्य, बेरीज ८, जात नाही. म्हणजे दहानंतर एकोणीस एक, मग अठ्ठावीस. एकोणीसचा पडताळा पायथनवर घेतला. जमलं.

७ डिसेंबर, शनिवार

उरला एकच मुद्दा, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता: स्वयंभू.

कापरेकरांची कल्पना अशी. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. १५ + ६ = २१, म्हणून १५ हा २१ चा जनक. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २० ला कुणीच नाही. कोणत्याही संख्येपासून २० असा जन्मत नाही. ज्या संख्येला जनक नाही ती स्वयंभू. शब्द काय सुंदर आहे. आपल्याकडे जमिनीतून आपोआप वर आलेल्या पिंडीला स्वयंभू म्हणतात, तोच.

आमची संख्या स्वयंभू असावी अशी दोघींची मनापासून इच्छा होती.

सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३. म्हणून जनक असलाच तर संख्येच्या खाली १५३ च्या आतच असणार. शेवटचे तीन अंक ३२१, त्यातून १५३ गेले तरी १६८ उरतात. वरच्या चौदा अंकांना धक्का लागत नाही. त्या चौदांची बेरीज ७५. आता जनकाचे शेवटचे तीन अंक 'क्ष' धरले तर क्ष + क्षच्या अंकांची बेरीज + ७५ = ३२१. म्हणजे क्ष आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळून २४६. क्षचा पहिला अंक २ धरला, पुढचे दोन अ आणि ब, तर २०२ + ११अ + २ब = २४६, म्हणून ११अ + २ब = ४४. अ = ४, ब = ०. पहिला अंक १ धरला तर ११अ + २ब = १४५ हवेत, आणि ते जास्तीत जास्त ११७ होतात. तेव्हा क्ष = २४०, आणि दुसरा कुणी नाही.

१२३४५६७८९८७६५४२४०. अंकांची बेरीज ८१. मिळवा ८१: १२३४५६७८९८७६५४३२१.

स्वयंभू नाही. एकच जनक, पण जनक आहे. भाचीने चार्टवर पेन्सिलीने लिहिलेला प्रश्न खोडला.

८ डिसेंबर, रविवार

रात्री झोप लागेना. जनकाच्या अंकांची बेरीजही ८१ आहे, आणि तो आपल्या संख्येपेक्षा ८१ नेच लहान आहे. म्हणजे ८१ ने त्यालाही भाग जातो. तोही हर्षद! पुढे पाहिलं: आपल्या संख्येत ८१ मिळवले की शेवटचे तीन अंक ४०२, बेरीज परत ८१. तीही हर्षद. एकापाठोपाठ तीन पिढ्या, आजोबा, मुलगी, नात, प्रत्येकीत ८१ चं अंतर, प्रत्येकीच्या अंकांची बेरीज ८१. नातीच्या पुढे शेवटी ४८३ येतात, बेरीज ९०, संख्या विषम, तिथे साखळी तुटते.

पहाटे उठून मागच्या बाजूनेही पाहिलं. आजोबांचा जनक कोण? क्ष + अंकांची बेरीज + ७५ = २४०, म्हणजे १६५ हवेत. पहिला अंक १: ११अ + २ब = ६४. अ सम असायला हवा. अ = ० तर ब = ३२; अ = २ तर ब = २१; अ = ४ तर ब = १०. एकही चालत नाही. पहिला अंक शून्य: ११अ + २ब = १६५, ११७ च्या पुढे, अशक्य. पहिला अंक २ असता तर आधीच २०२ झाले.

कुणीच नाही. १२३४५६७८९८७६५४२४० ही संख्या स्वयंभू आहे!

सहा वाजता फोन केला. भाचीची आई रागावली, भाची नाही. हिशेब तिला सांगितला नाही, नुसतं म्हटलं की आजोबांचा जनक शोध. अर्ध्या तासाने तिचा उलट फोन, "मावशी, त्याला ब दहा लागतो आणि दहा हा अंकच नाही!"

१४ डिसेंबर, शनिवार

आम्हीच नऊ अद्भुत डेमलो संख्यांना एकेक करून हीच कसोटी लावली. १ आणि १२१ स्वतःच स्वयंभू. बाकी सातजणींना जनक आहेत. १२३२१ चा १२३१२. १२३४३२१ चे दोन, १२३४३०४ आणि १२३४२९५. पाच एकांच्या वर्गाचा १२३४५४२८६. सहाच्या, सातच्या आणि आठच्या वर्गांच्या जनकांचे शेवटचे तीन अंक अनुक्रमे २७६, २६५, २५३. मग प्रत्येक जनकाच्या मागे गेलो. दोनच जनक स्वयंभू निघाले: आपल्या संख्येचा, आणि सात एकांच्या वर्गाचा, १२३४५६७६५४२६५. हे एकट्या आपल्याच संख्येचं वैशिष्ट्य नाही, हे चार्टवर स्पष्ट लिहायचं ठरवलं. भाचीला आधी थोडं वाईट वाटलं. मग तीच म्हणाली की सात आणि नऊ अशी जोडी आहे, हेही छानच.

दहा एकांचा वर्गही तपासला. त्याच्या जनकाचे शेवटचे तीन अंक २३५, पण त्यालाही मागे जनक आहे.

चार्टची मांडणी: मधोमध तीन एकमेव मूळ अवयव आणि त्यांची आवर्तनं. डावीकडे १२-३५-३७ चा त्रिकोण. उजवीकडे तीन पिढ्या. खाली नऊ एक आणि दहा एक यांची शेजारी शेजारी बेरीज. वर लीलावतीतली सतरा स्थानं, प्रत्येकीखाली एक अंक, आईच्या अक्षरात. स्प्रेडशीटचं ते ३०० वालं चुकीचं उत्तरही एका चौकटीत ठेवतोय, तारखेसह. डेमलोची चौकट मी लिहिणार. तिच्यात स्टेशनच्या पाटीचा फोटो.

राहिलेलं काम: पायथनमध्ये सगळ्या संख्या शेवटच्या अंकापर्यंत पुन्हा जुळवून पाहणे, निम्म्या भाचीने वाचायच्या, निम्म्या मी.